गुरं इथे हिवाळ्यात डोंगर चढतात

आयर्लंडमधल्या एखाद्या खेड्यातले जुने अवशेष आणि पायवाटा बघून या, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. क्लेअर काउंटीतल्या कॅरन पॅरिशमध्ये गेले ती पोलनाब्रोनचं दगडी थडगं पाहायला. परतले ती डोक्यात गुरं घेऊन.

हा बरेनचा मुलूख. आयरिश भाषेत या नावाचा अर्थच खडकाळ जागा. सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चुनखडक इथे उघडा पडला आहे. लांबरुंद लाद्या, मधे खोल भेगा, आणि त्या भेगांत नेचे, रानफुलं.

पोलनाब्रोन म्हणजे उभ्या शिळांवर तोललेली एक भली मोठी आडवी शिळा. १९८५ साली पुढच्या शिळेला तडा गेलेला दिसला आणि दुरुस्तीच्या निमित्ताने ॲन लिंच यांनी तिथे उत्खनन केलं. आत तिसाहून अधिक माणसांच्या अस्थी निघाल्या, इसवी सनापूर्वी ३८०० ते ३२०० या काळातल्या. त्यातलं एक बाळ सहा महिन्यांचं. त्याला डाउन सिंड्रोम होता, हे २०२० साली डीएनएवरून कळलं. ते अंगावर पीत होतं, हेही हाडांनी सांगितलं. त्या शिळेसमोर मी बराच वेळ उभी राहिले.

तिथून पुढच्या वाटेवर दगडी गडग्याशी एक म्हातारा शेतकरी भेटला. उघड्या टेकडीवर त्याच्या गाई रवंथ करत बसल्या होत्या. नोव्हेंबर होता, वारा बोचत होता. एवढ्या थंडीत गुरं वर कशी, असं विचारलं, तर त्याने खाली वाकून लादीवर हात ठेवला आणि मलाही ठेवायला लावला.

जगभर डोंगराळ भागातली गुरं उन्हाळ्यात वर जातात आणि थंडीत खाली येतात. इथे उलटं. ऑक्टोबर संपता संपता गुरं वर चढवतात, ती वसंतात उतरतात. याला इथे ‘विंटरेज’ म्हणतात. उन्हाळाभर तापलेला चुनखडक ती ऊब हळूहळू सोडतो, समुद्रामुळे थंडी कडक पडत नाही, पाणी झिरपून जातं म्हणून बसायला जागा कोरडी मिळते. उन्हाळाभर न चरलेलं गवतही तयार असतं. हे वाळकं, राठ गवत गुरांनी खाल्लं की जमिनीला ऊन लागतं आणि मे महिन्यात त्याच जागी जेन्शियनची गडद निळी फुलं उमलतात. इथली ही फुलबाग गाईंनी राखलेली आहे. गुरांशी या मुलखाचं नातं जुनंच. जवळच कड्याच्या टोकावर काहरकोमॉन हा तीन तटांचा दगडी किल्ला आहे. १९३४ साली तो खणला, तेव्हा निघालेली जनावरांची हाडं बहुतेक सगळी गुरांचीच होती.

आता ही साखळी तुटू पाहते आहे. घरातला कर्ता माणूस नोकरीला जातो. रोज टेकडी चढून गुरं बघायला सवड कुणाला? त्यापेक्षा गोठ्यात बांधून मुरघास घालणं सोपं. गुरं वर गेली नाहीत की गवत माजतं, मागोमाग हेझलची झुडपं येतात. फुलं झाकतात, गडगे झाकतात, जुने कोटही झाकतात. शेतकरी म्हणाला, “झाडी तोडायला माणसं लावावी लागतात. गाई हे फुकट करत होत्या.”

उपाय सुरू आहेत. २००५ ते २०१० या काळात ‘बरेनलाइफ’ प्रकल्पाने वीस शेतांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. पुढे प्रत्येक कुरणाला दहापैकी गुण देऊन त्या हिशेबाने शेतकऱ्याला पैसे देण्याची पद्धत आली. कुरण जितकं निरोगी, तितका मोबदला जास्त. मला ही योजना फार शहाणपणाची वाटली. पण रोज टेकडी चढणारी पुढची पिढी पैशाने आणता येईल का, ही काळजी त्या शेतकऱ्याच्या बोलण्यात होती आणि आता माझ्याही मनात आहे.

पाहुण्यांचाही त्रास आहेच. आठवण म्हणून लोक लाद्या उपसून थडग्याच्या छोट्या प्रतिकृती रचतात आणि भेगांतली रोपं उघडी पडतात.

तुमचं कुणी डब्लिनला असेल, कधी जाणं झालं, तर ऑक्टोबरच्या अखेरीस जा. गुरं वर चढवतात तेव्हा गावाबरोबर पाहुण्यांनाही चालता येतं. कुत्रा नेऊ नका, फाटक मागे लावून घ्या, आणि एकही दगड जागचा हलवू नका.