गाव बिनविरोध झालं, मत कुणी दिलं?

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी ठरलेली असते. मथळ्यात ‘आदर्श’ हा शब्द, खाली गुलाल लावलेल्या मंडळींचा फोटो, आणि मजकूर असा की अमुक गावाने निवडणूक बिनविरोध करून साऱ्या तालुक्यापुढे उदाहरण घालून दिले. पुणे-सातारा महामार्गावरचे शिवरे घ्या, कापूरहोळ घ्या, नाहीतर वेल्ह्याकडची, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली, डोंगरातली लहान गावे घ्या. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच वाक्य कानी पडते: बिनविरोध झालं म्हणजे गावात एकी आहे, आणि हीच खरी लोकशाही. या वाक्यावर कुणी प्रश्न विचारला तर तो गावात फूट पाडणारा ठरतो.

तरी प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण हा समज चुकीचा आहे.

आधी कायदा. बिनविरोध निवड बेकायदा नाही. अर्ज भरले जातात, छाननी होते, माघारीची मुदत संपते. त्यानंतर जागा तितकेच उमेदवार उरले तर निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना निवडून आलेले म्हणून जाहीर करतो. या सगळ्या प्रवासात मतदार कुठेच येत नाही. त्याने कुणाला पसंत केलेले नसते आणि कुणाला नाकारलेलेही नसते. नोटाचे बटणसुद्धा त्याच्या वाट्याला येत नाही, कारण यंत्रच गावात येत नाही. अशा निवडीला ‘एकमताने’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तिथे एकही मत पडलेले नसते.

किती गावांची ही गोष्ट आहे? १५ जानेवारी २०२१ च्या मतदानासाठी राज्य निवडणूक आयोगाने १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला होता. त्यातल्या १,५२३ पूर्णपणे बिनविरोध झाल्या. एकूण सुमारे सव्वा लाख जागांपैकी २६,७१८ जागांवर मतदान झालेच नाही, म्हणजे पाचातल्या एका जागेवर. त्याच निवडणुकीत ९७,७१९ अर्ज मागे घेतले गेले. यातल्या कित्येकांनी आपखुशीने माघार घेतली असेल. पण बाकीच्यांनी कशासाठी घेतली, कुणाच्या सांगण्यावरून घेतली, हे ‘आदर्श गावा’च्या बातमीत कधी वाचायला मिळते का?

माघार कशी होते हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. देवळात बैठक बसते. बैठकीत भावकीतली वडीलधारी मंडळी असतात, जुने कारभारी असतात, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-जेसीबी आहे ते असतात. ‘गावाचं ऐका’ असे सांगितले जाते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण ती बैठक बहुतेक ठिकाणी पुरुषांचीच असते आणि राखीव जागेवर कुणाची बायको, कुणाची सून बसवायची ते तिथे ठरते. भोर-राजगड पट्ट्यातल्या कातकरी वाडीतल्या किंवा धनगर वस्तीवरच्या माणसाला त्या बैठकीचे निमंत्रण जातेच असे नाही. मतदान केंद्रावर मात्र त्याचे मत पाटलाच्या मताइतकेच मोजले जाते. बिनविरोधाच्या कौतुकात नेमकी हीच बरोबरी पुसली जाते, आणि यात रागावण्यासारखे काही नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या वाडीत जाऊन विचारावे.

शिवाय पंचायत आता केवळ मानाची राहिलेली नाही. महामार्गालगतच्या गावांत जमिनीचे भाव चढले आहेत. कंपन्या, गोदामे, हॉटेले यांच्याकडून पंचायतीला कर येतो. पद मोलाचे झाले की त्याची किंमत लावणारेही येतात. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव झाला आणि बोली २ कोटी ५ लाखांवर गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ती ४२ लाखांवर थांबली. दोन्हीकडे पैसा देवळासाठी असल्याचे सांगण्यात आले. हेतू धार्मिक, म्हणून पवित्र, असा समज करून घेतला गेला. पण ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याचा उमेदवारीचा हक्क त्या बोलीनेच संपला होता. जानेवारी २०२१ मध्ये, मतदान तोंडावर आलेले असताना, तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी या दोन्ही गावांतली निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

इथे माध्यमांबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. उमराण्याचा लिलाव उघड झाला तो चित्रफिती आणि बातम्यांमुळे. आयोगाने अहवाल मागवले ते त्यानंतर. पण त्याच काळात पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला, इतर नेत्यांनीही तशाच घोषणा केल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्या कौतुकाने छापल्या गेल्या. आमदार निधी हा सरकारी पैसा आहे. जे गाव मतदान करील त्याला तो नाही आणि जे करणार नाही त्याला आहे, ही अट लोकशाहीत कशी बसते, हे विचारणे बातमीदाराचे काम होते. गावांनी हे बक्षीस मानले, कारण वर्तमानपत्राने त्याला बक्षीस म्हटले.

‘पण निवडणुकीने गावं फुटतात’ हा आक्षेप मात्र खोटा नाही. भावाभावांत बोलणे बंद होते, बांधाचे भांडण पंचायतीत येते, पराभूत गटाच्या वस्तीचा रस्ता पाच वर्षे अडतो. हे दुःख खरे आहे. फक्त ते मतदान टाळल्याने मिटत नाही, दबून राहते. यावर हिवरे बाजारचे उदाहरण मोलाचे आहे. पोपटराव पवारांचे हे गाव आदर्श म्हणून देशभर गाजले आणि तिथे तीस वर्षे निवडणूक झाली नव्हती. २०२१ मध्ये विरोधी उमेदवार उभे राहिले, मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. गावाची कामे बुडाली नाहीत. उलट, लोकांनी नेत्याला खरोखर मत दिले आहे, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसले.

याच विषयाला चिकटलेले आणखी काही समज. निकालाच्या दिवशी वाहिन्या ‘या पक्षाला इतक्या ग्रामपंचायती’ असा तक्ता दाखवतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे ते आकडे म्हणजे पक्षांचे स्वतःचे दावे असतात आणि प्रत्येक पक्ष पहिला येतो तो त्यामुळेच. नोटाला सर्वाधिक मते पडली तर लोकसभा-विधानसभेत फेरनिवडणूक होते, हेही खरे नाही. नोटानंतर ज्याला जास्त मते तो उमेदवार निवडून येतो. बिनविरोध हा खेड्यापाड्यांचा प्रकार आहे असे म्हणावे, तर २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघाचा खासदार मतदानाशिवाय ठरला. आणि ‘प्रशासक असला तरी कामं होतातच’ असे म्हणणाऱ्यांसाठी: पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे लोकांनी निवडलेला एकही सदस्य नव्हता.

बिनविरोध निवडीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही पोहोचला आहे. एकच उमेदवार उरला तरी त्याला किमान काही टक्के मते मिळवावी लागावीत, असा विचार एप्रिल २०२५ च्या सुनावणीत न्यायालयाने बोलून दाखवला. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. भोरच्या तहसील कार्यालयात मात्र अर्ज किती आले, छाननीत किती बाद झाले आणि शेवटच्या दिवशी कुणीकुणी माघार घेतली, याची नोंद आजही होते. पुढच्या वेळी बिनविरोध गावाची बातमी देताना गुलालाच्या फोटोशेजारी ही यादी छापावी, आणि ज्यांनी माघार घेतली त्यांना का घेतली ते विचारावे.