आधी खोली, मग माइक

घरी स्टुडिओ करायचा म्हटलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला हमखास मिळतो. ट्रेनं आवाज अडत नाही. त्याला जड भिंत आणि बुजवलेल्या फटी लागतात.

इंदूरच्या आमच्या घरातली खोली दहा बाय दहा, उंचीही दहा फूट. मापं सारखी, म्हणून ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज तिन्ही दिशांनी घुमतो. डग्गा फुगीर ऐकू येतो, मिक्स करताना आपण तो कमी करतो आणि गाडीत ऐकलं की तबला पोकळ! म्हणून पहिला खर्च कोपऱ्यांतल्या फूटभर जाड रॉकवूलवर.

आजीच्या ओव्या आणि बाबांचा तबला एकत्र घ्यायचाय. आजी ८६ वर्षांची. रेकॉर्डिंगला पंखा बंद, म्हणून पहाटे, पंधराच मिनिटं.