दहा गुण वाढले, म्हणजे नेमकं काय बदललं?

विरारहून फास्ट लोकलने दादर, तिथून स्लो गाडीने प्रभादेवी आणि पूल ओलांडून परळचं टाटा मेमोरियल. वसई-विरार पट्ट्यातल्या अनेक कर्करुग्णांचा केमोचा दिवस असा सुरू होतो. दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना मुभा आहे, पण गर्दीच्या वेळी तिथेही बसायला मिळेलच असं नाही. एवढं करून ओपीडीत पोचल्यावर डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" उत्तर येतं, "बरंय."

गाठ किती आटली ते स्कॅन सांगतो. माणूस किती सावरला, हे या "बरंय"मधून कळत नाही.

ते कळावं म्हणून इओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. जड पिशवी उचलवते का, अंघोळीला मदत लागते का, झोप लागते का, आजारपणामुळे पैशाची ओढाताण होते का, असे साधेच प्रश्न त्यात आहेत. बहुतेक प्रश्नांना 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत चार पर्याय असतात आणि उत्तरांचे ० ते १०० गुण होतात. टाटाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये तिची हिंदी आणि मराठी रूपं पारखून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले.

खरी कसोटी पुढे लागते, ती हे गुण वाचताना. शारीरिक क्षमतेचे गुण वाढले तर ते चांगलं. थकव्याचे वाढले तर त्रास वाढला. शारीरिक क्षमतेचे प्रश्न पाच. त्यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर 'थोडं'वरून 'बरंच'वर गेलं, की साडेसहाच्या आसपास गुण कमी होतात. झोपेचा प्रश्न मात्र एकच आहे. तिथे तेवढाच बदल ३३ गुणांचा दिसतो. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरायचंही नसतं आणि हुरळायचंही नसतं.

मग रुग्णाला जाणवण्याजोगा बदल केवढा? डेव्हिड ओसोबा आणि सहकाऱ्यांनी हे रुग्णांनाच विचारलं. १९९८ मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा: ५ ते १० गुणांचा फरक रुग्णाच्या लेखी थोडा, १० ते २० मध्यम, त्याहून अधिक म्हणजे मोठा. शेकडो रुग्णांच्या चाचणीत दोन गुणांचा फरक संख्याशास्त्राला महत्त्वाचा वाटू शकतो, पण अंथरुणातल्या माणसाला तो जाणवेलच असं नाही.

आणखी एक पेच आहे. पहाटे दादरच्या बाजारात सोनचाफा घेऊन जाणारा वसईचा एखादा बागायतदार घ्या. आजारापूर्वी टोपली उचलून गाडी पकडणं, हे त्याचं 'ठीक'. चार केमोनंतर वाडीत एक फेरी मारता आली, तरी तो 'ठीक' म्हणतो. गुण तेवढेच राहतात, मोजपट्टीच बदललेली असते. स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या संशोधक महिलांनी १९९९ मध्ये हा बदल नीट उलगडून दाखवला. त्याला खोटं उत्तर म्हणता येत नाही, कारण माणसाने आजाराशी खरोखरच जुळवून घेतलेलं असतं. मात्र औषधाचा गुण ठरवताना हे जुळवून घेणं वेगळं ओळखावं लागतं.

जे फॉर्म भरतच नाहीत, त्यांचाही विचार हवा. अति थकलेले रुग्ण गळतात, उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसते.

हा सगळा खटाटोप कागदापुरता नाही. अमेरिकेत ईथन बाश यांच्या चाचणीत ७६६ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाने आपला त्रास नियमितपणे संगणकावर नोंदवला आणि तो बळावला की नर्सला तत्काळ कळवलं जाई. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: नोंदवणाऱ्या गटातले निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून अधिक जगले, नेहमीच्या उपचारांतल्या गटातले निम्मे २६ महिन्यांहून अधिक.

वसई-विरारच्या रुग्णाच्या घरच्यांनाही अशी नोंद साध्या वहीत ठेवता येईल. मागच्या आठवड्यात जिना किती वेळा चढला, रात्री कितीदा जाग आली, ताटातलं किती संपलं, लोकलमध्ये उभं राहवलं का. पुढच्या तारखेला "बरंय"सोबत ही वहीही डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि आधीच्या पानांवरचं 'ठीक' नेमकं कशाला म्हटलं होतं, तेही सांगावं.