मलिहाबादची गाळाची जमीन

कतार हा अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेला वाळवंटी द्वीपकल्प. क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. बारमाही नदी एकही नाही, वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आत, आणि सर्वांत उंच टेकडी 103 मीटरची. लखनौजवळच्या, दशहरी आंब्याच्या मलिहाबादची सपाट शेतजमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे 120 मीटर उंच आहे! कतारची संपत्ती खोल समुद्रतळाखाली आहे. 1971 मध्ये तिथे नॉर्थ फील्ड हा प्रचंड वायूसाठा सापडला आणि आज तो वायू द्रवरूपात जहाजांनी गुजरातेत दहेजला येतो. मलिहाबादची संपत्ती मात्र जमिनीच्या अगदी वरच्या थरात आहे, आणि ती वीटभट्ट्यांसाठी डोळ्यांदेखत उचलली जात आहे.

गोमती आणि सई या नद्यांमधला हा पट्टा. हिमालयातून वाहत आलेला गाळ इथे शेकडो मीटर जाड साचला आहे. कोकणात कातळाला सुरुंग लावून खड्डा करायचा, बाहेरून आणलेली माती भरायची आणि मग हापूसचं कलम लावायचं, असा खटाटोप असतो. मलिहाबादेत दशहरीच्या मुळांना अडवायला दगडच नाही. कतारमध्येसुद्धा शेती जमते ती प्रामुख्याने पावसाचं पाणी आणि बारीक माती उतरून येणाऱ्या सखल खळग्यांमध्ये. त्यांना तिथे ‘रौदा’ म्हणतात. माती जिथे मुक्कामाला थांबते तिथेच झाड उभं राहतं.

वीटभट्टीसाठी खणलेल्या खड्ड्याच्या कडेकडे नीट पाहावं. वर भुसभुशीत तपकिरी थर, त्यात केसांसारखी तंतुमुळं. खाली पिवळसर, घट्ट माती आणि तिच्यात चुन्याचे खडे, ज्यांना तिकडे कंकर म्हणतात. भट्टीला हवी असते ती नेमकी वरची माती. ती गेली की मुळांना कसदार असं फारसं उरत नाही.

शिवाय भट्टीचा धूर. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंनी जवळच्या बागेतल्या कैऱ्यांची टोकं आधी पिवळट पडतात, मग काळी आणि चिवट होतात. त्यावर बोरॅक्सची फवारणी करतात, पण मूळ कारण शेजारीच धुमसत असतं.

मलिहाबादी दशहरीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हा आंबा याच भूमीचा, हे सरकारदरबारी मान्य झालं. पण विटांची माती कायद्याने ‘गौण खनिज’. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्या भूमीवरून फळाचं नाव राखायचं, तिचाच वरचा थर स्वस्तात जाऊ द्यायचा!

बागवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. जुनी झाडं दाटली, फांद्या एकमेकींत गुंतल्या, आत ऊन पोचेना, की फळ घटतं. एक वर्ष भरघोस तर पुढचं वर्ष रिकामं. अशा वेळी माती विकणं किंवा प्लॉट पाडणं सोपं वाटतं. जवळच रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण फलोद्यान संस्था आहे. जुन्या झाडांची जोरकस छाटणी करून, नव्या फुटव्यांची विरळणी करून बाग पुन्हा फळावर आणण्याची पद्धत तिथे विकसित झाली आहे. अडचण एवढीच, की छाटणीनंतर दोनेक वर्षं उत्पन्न जवळपास बुडतं. छोट्या बागवाल्याचं घर त्या काळात कशावर चालणार? सरकारने आधार द्यायचा असेल तर तो याच दोन वर्षांत द्यायला हवा.