गर्भपाताच्या गोळ्या किती सुरक्षित? म्हैसाळ प्रकरण आणि कायदा

मार्च २०१७. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला. तपासात ओढ्याजवळ पुरलेली १९ भ्रूणं सापडली. शेजारच्या साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांची 'लेक लाडकी' मोहीम अशाच लिंगनिदानाविरुद्ध लढते आहे.

मग गर्भपात हाच गुन्हा आहे का? नाही. गर्भलिंग तपासणं गुन्हा आहे. १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरांकडून गर्भपात करून घेता येतो. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही आणि तिचं नाव गुप्त ठेवावं लागतं.

गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच देतात. इतक्या लवकर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी, हे दिसतही नाही.

त्या काम कशा करतात? पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचा परिणाम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावतं. वेळेत आणि नीट घेतल्यास १०० पैकी सुमारे ९५ किंवा अधिक जणींचा गर्भपात पूर्ण होतो. पोटात कळा येणं, पाळीपेक्षा जास्त रक्त जाणं अपेक्षित आहे.

धोका आहे तो परस्पर गोळ्या घेण्यात. गर्भ नळीत असेल तर त्या उपयोगी पडत नाहीत आणि नळी फुटून जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी तपासणी हवी, दोन आठवड्यांनी पुन्हा हवी.

सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर लगेच दवाखाना गाठा.