उठताना घाई नको
अंथरुणातून उठताच आपल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला नुसता ‘अशक्तपणा’ म्हणू नये. खुबा मोडण्याचे मूळ कित्येकदा इथेच असते. उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेच्या धमनीतील दाबसंवेदक मेंदूला ते कळवतात आणि मज्जातंतू काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतात. अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरकही क्षार-पाणी राखून दाब सावरते, पण सावकाश. वयोमानाने मज्जातंतूंची तत्परता मंदावते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ती आणखी उणावते. म्हणून आधी काठावर बसून पावले हलवावीत, मगच आधाराने उठावे. शुश्रूषा करणाऱ्यांनी आडवे असतानाचा व उभे राहिल्यावरचा, दोन्ही दाब मोजून घ्यावेत. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने उतरल्यास डॉक्टरांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये.