टायमिंग बेल्ट : बदलायचा कधी?

"अरे इंजिनिअर, उतर खाली आणि सांग काय झालं ते!"

मामाचं हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. स्थळ : माणगावहून म्हसळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक चढ. वेळ : दिवाळीच्या सुट्टीतली भर दुपार. मागच्या सीटवर माणगाव स्टेशनवरून घेतलेले मामाचे पाहुणे, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं. मामाची दिवेआगरला नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीतच पर्यटकांसाठी चार खोल्या. दिवाळीचे आठ-दहा दिवस म्हणजे त्याचं वर्षाचं पीक. अशा वेळी गाडीतून एकदा 'खट्' असा आवाज झाला आणि इंजिन बंद. धूर नाही, दिवा नाही, काही नाही.

मी मेकॅनिकल थर्ड इयर. बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "डिझेल फिल्टर चोक झाला असेल." मामाने मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "सेल्फ मार आणि फोन इंजिनाजवळ धर." तीन सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "बस, आता सेल्फ मारू नको. इंजिन हलकं फिरतंय. बेल्ट गेला."

त्याचं निदान शंभर टक्के बरोबर निघालं. हेड उघडल्यावर सोळापैकी दहा व्हॉल्व्ह वाकलेले. बिल ६२ हजार. बेल्ट, टेन्शनर, आयडलर असं सगळं वेळेवर बदललं असतं तर ९ हजारांत काम झालं असतं, हेही त्यानेच शांतपणे ऐकवलं. मामाला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. गाडी पळाली होती फक्त ४६ हजार किलोमीटर! बेल्ट ८० हजारांचा. मग तुटला कसा?

या एका 'कसा'साठी मी नंतर लायब्ररीत आणि गॅरेजमध्ये जो वेळ घालवला, त्याचा हा वृत्तांत.

आधी थोडी उजळणी. (सिव्हिलवाल्यांनो, पान उलटू नका, तुमच्याकडेही गाडी येणार आहे.) फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हे २:१ चं नातं टिकवायचं आणि कोणता व्हॉल्व्ह नेमका कधी उघडायचा ते सांभाळायचं, हे टायमिंग ड्राइव्हचं काम. क्रँक ३००० आरपीएमने फिरत असेल तर कॅम १५०० ने, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर येतो त्या क्षणी व्हॉल्व्ह बाजूला झालेला असलाच पाहिजे. एखाद्या लेझीम पथकासारखं आहे हे. एकाचा ठेका चुकला की शेजाऱ्याच्या डोक्यात लेझीम.

बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहतो आणि पिस्टन त्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. ज्या इंजिनात असं होऊ शकतं त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडते, नवा बेल्ट टाकला की चालू. डिझेलला ही चैन परवडत नाही. हिशोब करून बघा : एका सिलिंडरची क्षमता ३५० सीसी धरली आणि कॉम्प्रेशन रेशो १०, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३५० भागिले ९, म्हणजे सुमारे ३९ सीसी. रेशो १७ केला की ती उरते २२ सीसी, आणि त्यातलीही बरीचशी पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात गेलेली असते. व्हॉल्व्हला लपायला जागाच नाही. सेल्फ मारल्यावर इंजिन हलकं का फिरलं, तेही आता लक्षात येईल. व्हॉल्व्ह वाकले, मिटेनासे झाले, मग कॉम्प्रेशन कुठून येणार?

रबरी दातेरी पट्ट्यावर इतकी मोठी जबाबदारी टाकायची कल्पना तशी अलीकडची. जुन्या प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये साखळी होती. विक्रीच्या मोटारीत दातेरी बेल्ट प्रथम आला तो जर्मनीच्या 'ग्लास १००४' मध्ये, १९६२ साली. हलका, बिनआवाजाचा, तेलाची गरज नाही, आणि मुख्य म्हणजे स्वस्त. आपल्याकडे मारुती ८००, सँट्रो, इंडिका डिझेल या सगळ्या बेल्टवाल्या. डस्टरच्या १.५ डिझेललाही बेल्टच. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्ट-डिझायरमधलं जुनं १.३ डिझेल ही साखळीवाली. तिसरा प्रकार गिअरचा. आपण शनिवारी ज्या एसटीने घरी जातो तिच्या इंजिनात ना बेल्ट ना चेन, सरळ दात्यात दाता. वजन आणि आवाज जास्त, पण तुटायची भानगड नाही. एसटी बंद पडायला इतर कारणं पुष्कळ आहेत, हे मान्य.

आता मामाच्या प्रश्नाकडे येऊ. गाडीसोबतच्या पुस्तकात (ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच होतं, सील न फोडलेलं) लिहिलं होतं : ८० हजार किलोमीटर किंवा ५ वर्षं, यांपैकी जे आधी होईल ते. मामाने पहिला आकडा कुणाकडून तरी ऐकला होता, दुसरा नाही. गाडी होती नऊ वर्षांची. आधीचे मालक मुंबईचे, गाडी त्यांच्या अलिबागकडच्या बंगल्यात उभी असायची आणि शनिवार-रविवारी फिरायची. 'कमी रनिंग, सिंगल ओनर' म्हणून मामाने खुशीत घेतली.

पण रबराला कॅलेंडरही कळतं. सध्याचे बेल्ट बहुधा एचएनबीआर नावाच्या रबराचे असतात आणि आत काचेच्या तंतूंचे दोर असतात. ओढ सगळी हे दोर घेतात, रबर त्यांना सांभाळतं आणि दात्यांचा आकार टिकवतं. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रबर हळूहळू कडक होतं, गाडी फिरो वा उभी राहो. उभ्या गाडीत तर पट्टा महिनोन्महिने लहान पुलीभोवती एकाच जागी वाकून बसलेला असतो. त्यात क्रँक किंवा कॅमच्या सीलमधून तेल झिरपलं तर रबर फुगून मऊ होतं आणि दाते सोलले जातात.

बरं, किलोमीटर हे मापही तितकंसं खरं नाही. बेल्टला अंतर कळत नाही, त्याला फेरे कळतात. सरासरी ताशी ४० ने एक लाख किलोमीटर म्हणजे २५०० तास, आणि २००० आरपीएम धरलं तर क्रँकचे ३० कोटी फेरे. तीच गाडी सरासरी २० ने चालली तर तास दुप्पट. आता आपल्याकडचा प्रवास आठवा. दिघीला फेरीबोटीच्या रांगेत एसी लावून अर्धा तास, बागमांडल्याला पुन्हा तेच, मग दुसऱ्या गिअरमध्ये घाटी. ओडोमीटर जागचा हलत नाही आणि बेल्ट मात्र फिरतोच आहे. इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा असतो. पुष्कळ ड्रायव्हर समजतात की तो बेल्ट तपासून लागतो. तो बिचारा फक्त किलोमीटर मोजतो. तेव्हा दिवा लागला नाही म्हणून बेल्ट ठणठणीत आहे असं नाही, आणि कुणी तो न बदलताच दिवा रिसेट केला असेल तर विचारायलाच नको.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट होते. खारी, दमट हवा बेल्टपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना जास्त छळते. टेन्शनर आणि आयडलरची बेअरिंगं गंजतात, ग्रीस सुकतं, पुली जाम होते आणि मग चांगला बेल्टसुद्धा घासून तुटतो. काही इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर असतो. डस्टरच्या इंजिनात तसा आहे. म्हणून जाणते मेकॅनिक नुसता बेल्ट कधी बदलत नाहीत, पूर्ण किट टाकतात. कारण तिथपर्यंत पोहोचण्याचीच मजुरी मोठी असते. हजार-दीड हजार वाचवायला जुनी पुली ठेवणं म्हणजे नवा दोर घेऊन जुन्या रहाटावर टाकणं.

पुराचंही सांगितलं पाहिजे. २००५ आणि २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीत इंजिन ऑइल बदलतात, सीट वाळवतात, वायरिंग बघतात. टायमिंग कव्हर उघडायचं मात्र राहून जातं. त्याच्या आत गाळ बसतो आणि वाळल्यावर तो दात्यांमध्ये सँडपेपरचं काम करतो. पुरातली गाडी असेल तर किलोमीटर, वर्षं सगळं विसरा आणि किट बदला.

"कव्हर उघडून बघितलं तर कळत नाही का?" हा मामाचा पुढचा प्रश्न. थोडं कळतं. काठाचे धागे निघालेले, तेलाचे डाग, पुलीजवळ गंजाची तांबूस भुकटी, वॉटर पंपाखाली कूलंटचा सुकलेला ओघळ, यांपैकी काही दिसलं तर गाडी तिथेच ठेवा. पण काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या, तो इशारा द्यायचा. एचएनबीआरचा बेल्ट वरून काळाभोर, सुंदर दिसतो आणि आतले दोर थकलेले असतात. मामाचा तुटलेला बेल्ट मी हातात घेऊन पाहिला. तुटल्याच्या जागेखेरीज त्यावर एक भेग नव्हती.

मग ठरवायचं कशावर? इथे आपल्या रिलायबिलिटीच्या तासाचा उपयोग झाला (सर, वाचताय ना?). बदलण्याचा खर्च ९ हजार, तुटल्यावरचा ६२ हजार. पाच वर्षांचा बेल्ट आणखी एक वर्ष तसाच चालवला तर वाचतात किती? ९ हजारांचा पाचवा भाग, म्हणजे १८०० रुपये. तुटला तर जादा जातात ५३ हजार. १८०० ला ५३ हजारांनी भागलं की येतं सुमारे ३.४ टक्के. म्हणजे त्या एका वर्षात बेल्ट तुटायची शक्यता २९ मध्ये १ पेक्षा जास्त वाटत असेल, तर थांबणं हा तोट्याचा सौदा. नऊ वर्षांच्या बेल्टवर एवढी पैज कोण लावेल? आणि यात रद्द झालेलं बुकिंग, टोइंग, चढावर मुलांना घेऊन उभे राहिलेले पाहुणे हे धरलेलंच नाही. उलट तुमचं इंजिन इंटरफिअरन्स नसेल तर तुटल्यावरचा खर्च फक्त टोइंगपुरताच वाढतो, आणि थोडं थांबणं खरंच शहाणपणाचं ठरू शकतं. म्हणून आधी आपलं इंजिन कोणतं ते विचारा.

साखळीवाले आतापर्यंत गालातल्या गालात हसत असतील. 'चेन म्हणजे लाइफटाइम' असं शोरूमवाले सांगतात. कुणाचं लाइफटाइम, ते सांगत नाहीत. साखळी लांबते. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि शेकडो कड्यांची झीज एकत्र होते. समजा ताणाकडची बाजू ४०० मिमी आहे आणि झीज अर्धा टक्का, तर लांबी वाढली २ मिमी. कॅमच्या चाकाची त्रिज्या ६० मिमी धरली तर कॅम जवळजवळ २ अंश मागे पडला, क्रँकच्या भाषेत ४ अंश. इंजिनाच्या कॉम्प्युटरला हे कळतं आणि तो पी-००१६ सारखा कोड टाकतो. साखळीचा हाच मोठेपणा, ती सांगून जाते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट, मग शांत. हा आवाज रोज येऊ लागला की दाखवून घ्या. टेन्शनर बहुधा तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी किंवा जुनं झालं की तो ढिला, साखळी ढिली आणि एखाद्या दिवशी ती दात्यावरून उडी मारते. पुढचं चित्र बेल्टसारखंच. म्हणजे साखळीचं वेळापत्रक खरं तर डिपस्टिकवर लिहिलेलं असतं.

या दोघांच्या मधलंही एक प्रकरण आहे, तेलात बुडून चालणारा बेल्ट. आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टमधल्या एक लिटर टर्बो पेट्रोलमध्ये तो आला. त्याला चुकीच्या ग्रेडचं तेल घातलं तर रबर सुटतं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. तिथे स्वस्त तेल म्हणजे फारच महाग तेल.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी (प्लेसमेंट झाली की आपल्यातले निम्मे तेच करणार) : 'बेल्ट बदललाय' असं तोंडी सांगितलेलं धरू नका. बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून ते पैसे किमतीतून कमी करून मागा.

मामाची गाडी तीन आठवड्यांनी घरी आली. तोवर दिवाळी संपली होती आणि त्याने पाहुणे आणायला रोज भाड्याचा टेम्पो लावला होता. आता टायमिंग कव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटने, त्याच्याच अक्षरात, बेल्ट बदलल्याची तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लिहिलेला आहे. त्याच्याखाली पाच वर्षांनंतरची तारीख, आणि तिच्यापुढे माझा मोबाइल नंबर. "तेव्हा तू इंजिनिअर झालेला असशील ना," मामा म्हणाला. "आठवण करायची जबाबदारी तुझी."